बोटीची कोणती बाजू घ्यावी?

हिवाळ्यात सकाळी बावड्याहून इंदापूरला जाणाऱ्या एस.टी.त उजव्या बाजूचे बाक आधी भरतात. इंदापूर आपल्या उत्तरेला आहे आणि सकाळचा सूर्य प्रवासभर उजव्या हाताला राहतो, हे त्याचे साधे कारण होय. एप्रिल-मे महिन्यांत हीच माणसे डावीकडे गर्दी करतात. दिशा, ऊन आणि वारा ह्यांचा असा हिशेब आपण रोज करतो, परंतु त्याला भूगोल म्हणत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा आहे. थंड प्रदेशातील समुद्रपर्यटनाला जाणाऱ्याने जहाजावरील सज्ज्याची खोली कोणती निवडावी, हा तो विषय. पुण्या-मुंबईच्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत अलास्काची आणि नॉर्वेची चित्रे असतात. बर्फाचा डोंगर, निळे पाणी, आणि सज्ज्यात दोन खुर्च्या. आतल्या बिनखिडकीच्या खोलीपेक्षा सज्ज्याच्या खोलीचे भाडे बरेच अधिक असते. डोंगर कोणत्या बाजूला दिसणार, हे मात्र जाहिरातीत बहुधा नसते. ते नकाशात असते, आणि नकाशा आपल्या ग्रंथालयात फुकट पाहावयास मिळतो. आपल्यापैकी कितीजण असल्या जहाजावर पाऊल ठेवतील हा प्रश्न वेगळा. ज्ञान मिळविण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही.

प्रथम दिशेचा विचार करू. आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे मुंबई-गोवा बोट. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटींनी कित्येक पिढ्या चाकरमान्यांना गावी नेले. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, म्हणजे मोसम प्रामुख्याने हिवाळ्याचा व उन्हाळ्याचा. ही बोट दक्षिणेकडे जात असल्याने जाताना किनारा डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही सारी नावे डाव्या कठड्यावरून वाचावयाची. उजव्या कठड्यावर उभा राहिलेल्याला अरबी समुद्र आणि त्यात बुडणारा सूर्य. हाही देखावा कमी नाही, पण तो फार तर अर्ध्या तासाचा.

२०१८ साली ह्याच मार्गावर ‘आंग्रिया’ नावाची पर्यटनाची बोट सुरू झाली होती. पुढे ती बंद पडली. ती दुपार उलटल्यावर निघून रात्रभर चालत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यास पोचे. म्हणजे बहुतेक कोकणकिनारा अंधारातच मागे जावयाचा. अशा बोटीवर खिडकीसाठी जादा पैसे देणाऱ्याने काय पाहिले असेल? दीपगृहे, फार तर. ह्यावरून एक गोष्ट लक्षात येते. खोली पाहण्याआधी वेळापत्रक पाहावे, आणि देखावा दिवसा येतो की रात्री, हे बोटाने नकाशावर मोजून घ्यावे.

हाच नियम नॉर्वेला लावून पाहू. नॉर्वेच्या किनाऱ्याने टपाल, माल व उतारू नेणारी ‘हुर्टीग्रूटन’ ही बोटसेवा १८९३ साली सुरू झाली. तेव्हा ती ट्रॉन्हाइमहून उत्तरेकडील हॅमरफेस्टपर्यंत होती. आज हा मार्ग दक्षिणेच्या बर्गनपासून रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत आहे. वाटेत चौतीस बंदरे लागतात आणि जाऊन-येऊन सुमारे बारा दिवस होतात. आपली एस.टी. जशी प्रत्येक फाट्यावर थांबते तशी ही बोट, फरक एवढाच की फाटे बर्फात आहेत. उत्तरेकडे जाताना नॉर्वेची मुख्य भूमी उजवीकडे असते, डावीकडे बेटे आणि त्यांच्या फटींतून मोकळा समुद्र. परतताना उलट. शिवाय जाताना जी बंदरे रात्री लागतात ती येताना दिवसा लागतील, अशी वेळापत्रकाची आखणी आहे. दोन्ही वेळचा प्रवास करणाऱ्याला म्हणून बाजूची फारशी चिंता नको. एकाच वेळचा करणाऱ्याला मात्र आहे.

अलास्काचे तसेच. कॅनडातील व्हँकुव्हर बंदरातून उत्तरेकडे जाणारे जहाज बेटांच्या आडोशाने, ‘इनसाइड पॅसेज’ नावाच्या सामुद्रधुन्यांतून जाते. खंडाचा किनारा व त्यावरील हिमनद्या बव्हंशी उजवीकडे राहतात. एकेरी प्रवास उत्तरेकडचा असेल तर उजवी बाजू घ्यावी, दक्षिणेकडचा असेल तर डावी. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणारा प्रवास असेल तर कोणतीही. एवढ्या एका वाक्यासाठी लोक अनुभवी माणसे शोधत फिरतात.

बाजूच्या संदर्भात एक दंतकथाही सांगितली पाहिजे. ‘पॉश’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींनी इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारे साहेब तांबड्या समुद्रातील उन्हाला भिऊन जाताना ‘पोर्ट’ म्हणजे डावी आणि परतताना ‘स्टारबोर्ड’ म्हणजे उजवी बाजू मागत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ ह्या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून हा शब्द झाला, असे म्हणतात. कथा सुरेख आहे, पण कोशकारांना तिचा कसलाही पुरावा सापडलेला नाही. तशी अक्षरे उमटविलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही. शब्दाची व्युत्पत्ती खोटी असली तरी तिच्यातील भूगोल मात्र खरा आहे. पूर्वेकडे तोंड केलेल्या जहाजाची डावी बाजू उत्तरेची, म्हणजे सावलीची.

थंड प्रदेशात हा हिशेब उलटा होतो, आणि येथेच विषयाला खरी गुंतागुंत येते. तिकडे ऊन हवे असते. सूर्य दक्षिणेला खाली रेंगाळतो. उत्तरेकडे व वायव्येकडे जाणाऱ्या अलास्काच्या जहाजाची उजवी बाजू दुपारनंतर सावलीत जाते. पण त्याच वेळी नैर्ऋत्येकडील सूर्याचा प्रकाश ईशान्येकडील डोंगरांवर सरळ पडतो आणि बर्फ उजळून निघते. म्हणजे देखावा सर्वांत सुंदर असतो तेव्हा सज्जा सर्वांत गार असतो. डाव्या सज्ज्यात ऊन खात बसलेल्याच्या डोळ्यांवर नुसती तिरीप. मला विचाराल तर सावली पत्करावी आणि घोंगडी घेऊन बसावे. आपण डोंगर पाहावयास गेलो आहोत.

गारठ्याचे दुसरे कारण खुद्द जहाजाचा वेग. वीस सागरी मैलांच्या वेगाने जाणारे जहाज तासाला सुमारे ३७ किलोमीटर कापते. हवा अगदी स्तब्ध असली तरी उघड्या जागी तेवढा वारा अंगावर येतो. पारा शून्य अंशावर असताना असा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे सात अंशांइतका गारठा जाणवतो, असे हवामानशास्त्राच्या सूत्राने निघते. पौष महिन्यात पहाटे मोटारसायकलवरून दूध घालावयास जाणाऱ्याला हे सूत्र पाठ नसले तरी कानांना ठाऊक असते. म्हणून जहाजाच्या पुढच्या टोकाचे सज्जे थंड प्रदेशात टाळावेत. काही जहाजांत खालच्या मजल्यावर काचेऐवजी पोलादी कठड्याचे, जहाजाच्या अंगातच कोरल्यासारखे सज्जे असतात. ते दिसावयास भपकेदार नसतात, परंतु वारा अडतो आणि पाणी जवळ दिसते. अगदी मागच्या टोकाचे सज्जेही आडोशाचे. मात्र तेथे यंत्राची थरथर जाणवू शकते.

आता हेलकाव्यांकडे वळू. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने खड्ड्यांचा रस्ता पार केला आहे त्याला हे समजाविण्याची गरज नाही. जहाज लाटेवर पुढे-मागे झुलते तेव्हा दोन्ही टोके सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मध्य सर्वांत कमी. डावी-उजवीकडे कलते तेव्हा वरचे मजले जास्त फिरतात, खालचे कमी. तेव्हा ज्याला उलटीचा त्रास आहे त्याने मधली आणि खालची खोली घ्यावी. पण हा नियम आंधळेपणाने लावू नये. नॉर्वे आणि अलास्काच्या मार्गांवर बेटांचा आडोसा असल्याने पाणी बहुतेक शांत असते. तेथे दूरवरच्या दृश्यासाठी वरचा मजला घेण्यास हरकत नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून अंटार्क्टिकाकडे जाताना ड्रेकची सामुद्रधुनी लागते. तिची रुंदी सुमारे ८०० किलोमीटर, ओलांडावयास सुमारे दोन दिवस, आणि त्या अक्षांशांत पृथ्वीभोवती वारा अडवावयास जमीनच नाही. तेथे मात्र उंचीचा मोह सोडावा.

शेजार कसा आहे हेही पाहावे लागते. गिरणीशेजारी घर घेताना माणूस विचार करतो, तसा येथेही करावा. वर नाचघर किंवा पोहण्याचा तलाव, खाली नाट्यगृह, अशी खोली नको. वर आणि खाली खोल्याच असाव्यात. काही खोल्यांचे भाडे कमी असते, कारण सज्ज्यासमोर किंवा खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते. देखाव्याच्या दृष्टीने हा दोष खरा. पण १९१२ साली ‘टायटॅनिक’वर सुमारे बावीसशे माणसे होती आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. सर्वांना पुरतील एवढ्या होड्या असाव्यात हा आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर आला. तेव्हा डोळ्यांआड आलेल्या त्या होडीवर फार रागावू नये.

इतके सगळे सांगून झाल्यावर माझे मत असे की सज्ज्याची खोली सर्वत्र घेण्यात शहाणपण नाही. अलास्काचा मोसम मे ते सप्टेंबरचा. जून महिन्यात जुनो शहरी दिवस अठरा तासांहून मोठा असतो, देखावा एका बाजूला असतो आणि तो तासन् तास चालतो. तेथे सज्ज्याचे पैसे वसूल होतात. नॉर्वेत मात्र ट्रॉम्सो शहरी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्या दिवसांत लोक जातात ते ध्रुवीय प्रकाश पाहावयास, आणि तो आकाशात कोठेही, अनेकदा थेट डोक्यावर, प्रकटतो. सज्ज्यातून दिसते अर्धे आकाश, तेही वरच्या मजल्याच्या छताखालून. अशा वेळी आतली स्वस्त खोली घ्यावी, उरलेल्या पैशांचे लोकरीचे कपडे घ्यावेत आणि उघड्या डेकवर उभे राहावे. डेक सर्वांचा असतो, तेथे भाड्याची प्रत नाही.

डेकवर गर्दी झाली म्हणजे एक भीती मनात येते. सगळे एकाच बाजूला गेले तर? मोठ्या जहाजाच्या बाबतीत गणित सोपे आहे. तीन हजार माणसे, प्रत्येकी साठ किलो, म्हणजे १८० टन. आणि अशा जहाजाचे स्वतःचे वजन हजारो टनांत. ते ढिम्म राहते. लहान बोटीचे तसे नाही. १९१५ साली शिकागो शहरात नदीत धक्क्यालाच बांधलेली ‘ईस्टलंड’ बोट उतारूंच्या भाराने एका कुशीवर पडली आणि ८४४ माणसे मेली. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी लाटांत बुडाली; सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या माऱ्याने घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, असे त्या घटनेविषयी सांगतात.

आणि आपल्या तालुक्यात? उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमेचे पात्र समुद्रासारखे पसरले. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली व सहा जण बुडाले. ती माणसे देखावा पाहावयास निघाली नव्हती. पलीकडून अलीकडे यावयाचे, एवढेच त्यांचे काम होते. पाणी पसरले तेव्हा जुन्या वाटा त्याखाली गेल्या आणि वळसा घालून येण्यापेक्षा होडी जवळची झाली.

त्याच पाण्यावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ येथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहावयास लोक येतात. हिमालयापलीकडून येणारे पट्टकादंब हंसही असतात. मच्छीमारांच्या होड्यांतून पहाटेच्या थंडीत ही सफर होते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना परवडणारे शीतकालीन जलपर्यटन तेच होय. वरचे सारे नियम येथेही लागतात. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरावी म्हणजे पंखांचा गुलाबी रंग खुलतो. पुढच्या टोकाला वारा लागतो, तेव्हा कानटोपी घ्यावी. अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये, आणि वारा सुटला असेल तर पक्षी दुसऱ्या दिवशीही असतात.

अलास्कातील ग्लेशियर बे ह्या उपसागरात १७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेला जवळजवळ नुसती बर्फाची भिंतच आढळली होती. १८७९ साली जॉन म्यूर तेथे गेला तेव्हा बर्फ तीस मैलांहून अधिक मागे हटले होते. आज त्या मोकळ्या झालेल्या पाण्यात दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश मिळतो. हिमनदीसमोर पोचल्यावर कप्तान जहाज जागच्या जागी सावकाश फिरवितो. डाव्या सज्ज्यातल्यांना दिसते, मग उजव्या सज्ज्यातल्यांना. कोणाला धावावे लागत नाही. भिगवणच्या होडीत थवा एका अंगाला दिसला आणि पलीकडच्या बाकावरील मंडळी उठू लागली, तर त्यांना खाली बसवावे आणि नावाड्याला म्हणावे, “मामा, होडीच जरा फिरवा.”