द्राक्षांची जेली : एक कृतिपाठ

दौलताबादचा परिसर द्राक्षांसाठी फार जुन्या काळापासून परिचित आहे. चौदाव्या शतकात येथे आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने, येथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. आजही छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात एखाद्या परसात द्राक्षाचा मांडव आढळतो. घड निवडताना सुटलेले मणी बहुधा वाया जातात. त्यांपासून जेली करणे हा इयत्ता पाचवी ते सातवीसाठी कार्यानुभवाचा आणि विज्ञानाचा एकत्रित पाठ होऊ शकतो.

उद्देश : पातळ रस घट्ट का होतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावे.

शास्त्रीय आधार : फळांच्या पेशीभित्तिकांत पेक्टिन नावाचे द्रव्य असते. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो याने १८२५ मध्ये त्याचे वर्णन केले. पेक्टिन, आम्ल व साखर यांचे प्रमाण जुळले तरच जेली जमते. फळ पिकत जाते तसे पेक्टिन व आम्ल कमी होतात. म्हणून सर्वांत गोड द्राक्षांची जेली जमणे कठीण. ही गोष्ट मुलांना नवलाची वाटेल. पाठाचा आरंभ येथूनच करावा. तीन भाग पिकलेली व एक भाग आंबट, कच्ची द्राक्षे घ्यावीत.

कृती : द्राक्षे स्वच्छ धुवावीत. नुकतीच औषधफवारणी झालेल्या वेलीची घेऊ नयेत. मणी कुस्करून एक किलोस अर्धी वाटी पाणी घालावे व मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे शिजवावेत. मलमलीच्या फडक्यात बांधून रस आपोआप गळू द्यावा. पिळल्यास जेली गढूळ होते. रस रात्रभर थंड जागी ठेवावा. तळाशी बसणारे खडे द्राक्षातील टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात. वरचा रस अलगद ओतून घ्यावा, नाहीतर जेली दाताखाली कचकचते.

पेक्टिनची परीक्षा : एक चमचा थंड रसात तितकेच स्पिरिट शिक्षकांनी विस्तवापासून दूर मिसळावे. थोड्या वेळाने एकच घट्ट गोळा झाल्यास पेक्टिन भरपूर. अनेक लहान गोळे झाल्यास मध्यम. बारीक कण दिसल्यास कमी. हा नमुना विषारी असल्याने चाखू न देता फेकून द्यावा. भरपूर पेक्टिन असल्यास एक लिटर रसास एक किलो, मध्यम असल्यास पाऊण किलो साखर घालावी. कमी असल्यास पेरूचा शिजवून गाळलेला रस मिसळून पुन्हा परीक्षा घ्यावी. रस गोडसर असल्यास लिटरमागे दोन लिंबे पिळावीत.

साखर विरघळल्यावर मोठ्या आचेवर उकळावे. पुस्तकांत १०५ अंश सेल्सिअस हे तापमान दिलेले असते. परंतु ते समुद्रसपाटीचे आहे. छत्रपती संभाजीनगर शहर सुमारे ५७० मीटर उंचीवर असून तेथे पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. म्हणून प्रथम साध्या उकळत्या पाण्याचे तापमान मुलांकडून नोंदवून घ्यावे व त्याहून साडेचार-पाच अंश वर जाताच पातेले उतरवावे. तापमापक नसल्यास थंड ताटलीत थेंब टाकून पाहावा. बोटाने सरकवल्यास सुरकुती पडली की जेली तयार झाली. उकळत्या पाकाने गंभीर भाजते. पातेले मोठ्यांनीच हाताळावे, मुले दूर उभी असावीत. उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत जेली गरम असतानाच भरावी.

शिक्षकांस सूचना : जेली न जमल्यास ती लपवू नये, बाजारची बरणी आणून दाखवू नये. अधिक उकळल्याने पेक्टिन मोडते व दोष वाढतो. काय कमी पडले, हे मुलांनी आपल्या नोंदींवरून शोधावे. न जमलेला पाक सरबतास उपयोगी पडतोच. शोधून काढलेले कारण मात्र जन्मभर लक्षात राहते.

प्रश्न : (१) कच्ची द्राक्षे का मिसळावी लागतात? (२) रस पिळून का काढू नये? (३) म्हैसमाळच्या डोंगरावर जेली केल्यास तापमापकावरील आकडा वाढेल की कमी होईल? कारण सांगा.