पानं चांगली, तरी स्पर्धेबाहेर का?

प्रश्न : दिवाळीत तीन पत्ती खेळतच आम्ही वाढलो. हल्ली दर रविवारी आम्ही पाच-सहा मित्र पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर पोकरची स्पर्धा खेळतो. मला पानं बरी येतात, तरी बहुतेक वेळा मीच आधी बाहेर पडतो. माझं चुकतं कुठे, फ्लॉपच्या आधी की नंतर?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तीन पत्तीत तुमची तिन्ही पानं सुरुवातीलाच ठरलेली असतात. टेक्सास होल्डेम पोकरमध्ये हातात दोनच पानं येतात आणि पाच पानं सगळ्यांत सामायिक उघडतात: आधी तीन एकदम, म्हणजे फ्लॉप, मग एकेक करून दोन. त्यामुळे सुरुवातीचा चांगला हात पुढे फिका पडू शकतो. तीन पत्तीची सवय इथेच नडते.

आधी फ्लॉपपूर्वीचं पाहू. दोन पानांचे एकूण 1,326 हात संभवतात. कुठलीही जोडी सरासरी 17 डावांत एकदा येते, एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा. म्हणजे बहुतेक डाव सोडायचेच असतात. शिवाय तुमची पाळी कितवी, हेही पाहा. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांचे निर्णय आधी कळतात. पहिल्याला काहीच कळत नाही. म्हणून राजा-दश्शीसारखा हात शेवटच्या जागेवरून खेळावा, पहिल्या जागेवरून सोडावा.

फ्लॉपनंतर हिशेब करायचा. समजा, तुमच्या हातात दोन बदाम आहेत आणि फ्लॉपवर आणखी दोन उघडले. न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम उरतात. पुढच्याच पानावर पाच बदामांचा फ्लश लागण्याची शक्यता 19 टक्के, दोन्ही पानं मिळून 35 टक्के. समजा, पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 600 चिप्स आहेत आणि समोरच्याने 300 लावल्या. तुम्ही 300 टाकल्यात तर पॉट 1,200 होतो, म्हणजे निदान 25 टक्के संधी हवी. समोरचा ऑल-इन असेल, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या असतील, तर दोन्ही पानं आणखी चिप्स न घालता दिसतील, तेव्हा 300 टाकून कॉल करा. त्याच्याकडे चिप्स शिल्लक असतील, तर पुढच्या पानानंतर तो पुन्हा मोठी रक्कम लावू शकतो. तेव्हा 35 टक्क्यांवर विसंबू नका.

स्पर्धेत याहून महत्त्वाची एक गोष्ट असते. तिघे उरलेत, चिप्स सारख्या आहेत आणि क्रमांकांना 50, 30 व 20 गुण आहेत असं धरा. प्रत्येकाचा सरासरी वाटा 33.3 गुण. एकाशी ऑल-इन जिंकलात तर तुमच्या चिप्स दुप्पट होतात, पण वाटा 43.3 वरच जातो. हरलात तर 20. दहा गुण मिळवण्यासाठी तुम्ही 13.3 गुण पणाला लावता. म्हणून इथे निम्मी-निम्मी संधी तोट्याची. 57 टक्क्यांहून जास्त खात्री हवी. चांगली पानं येऊनही तुम्ही आधी बाहेर पडता, ते बहुधा असा बरोबरीचा धोका गरज नसताना घेतल्यामुळे. चिप्स अगदी थोड्या, दहा मोठ्या ब्लाइंडइतक्याच (ब्लाइंड म्हणजे पानं पाहण्याआधीच पाळीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स) उरल्या की मात्र वाट पाहणं महागात पडतं. ब्लाइंडच तुम्हाला संपवतात. तेव्हा बरा हात दिसताच सगळ्या चिप्स लावाव्यात.

एक विनंती. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. त्या वाटेला जाऊ नका. रविवारचा चिप्सचा डाव उत्तमच आहे. प्रत्येक मोठा निर्णय वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी हिशेब तपासा. निकाल वाईट लागला तरी निर्णय बरोबर असू शकतो. सुधारायचा आहे तो निर्णय.