तीन लाल झाडे आणि एक पिवळे रोप

प्रश्न : फाल्गुन-चैत्रात घाटातून जाताना लाल फुलांनी भरलेली निष्पर्ण झाडे दिसतात. पळस, पांगारा आणि सावर यांतला फरक कसा ओळखावा?

उत्तर : 'पळसाला पाने तीनच' ही म्हण इथे मदतीला येत नाही. पाने गळालेली असतात, आणि पांगाऱ्यालाही त्रिदळच असते! म्हणून खाली पडलेले फूल उचलावे.

पळसाचे फूल केशरी, त्यावर रेशमी लव. त्याची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली आणि देठाकडची वाटी काळपट तपकिरी, मखमली. म्हणूनच कळ्यांनी लगडलेली फांदी दुरून काजळी धरल्यासारखी दिसते. पांगाऱ्याचे फूल गडद लाल. त्याची एकच पाकळी मोठी, बाकीच्या आखूड. फुलांचे तुरे फांदीच्या टोकाला, आणि कोवळ्या फांद्यांवर काटे. पळसाला काटे नसतात.

सावर ओळखणे सर्वांत सोपे. फूल तळहाताएवढे, पाच जाड मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका. कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे, म्हणून ती काटेसावर. पुढे बोंडे फुटली की कापूस उडतो.

शेताच्या बांधावर मात्र खाली पाहावे. काटेरी पानांचे, पिवळ्या फुलांचे रोप मोडल्यावर पिवळा चीक आला, तर तो पिवळा धोत्रा. मूळचा मेक्सिकोकडचा हा पाहुणा विषारी आहे. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात झालेल्या त्याच्या भेसळीने अनेकांचे बळी घेतले.