वजनाचे ऑपरेशन दुसऱ्यांदा करावे लागते तेव्हा

डिंडोलीच्या एका ताई गेल्या पावसाळ्यात आम्हांला भेटावयास आल्या. सात वर्षांपूर्वी त्यांचे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले होते. तेव्हा त्या १०८ किलो होत्या. दोन वर्षांत ७१ वर आल्या आणि आता पुन्हा ९४ झाल्या आहेत. रात्री आडवे झाले की घशाशी आंबट पाणी येते, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोप घेतात. डॉक्टरांनी दुसरे ऑपरेशन सुचविले आहे. सासूबाई म्हणतात, "एकदा घातलेले पैसे पाण्यात गेले, आता पुन्हा काय?"

वाचकहो, या बाबतीत आमच्याकडूनही चूक झालेली आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत आम्ही त्यांना थट्टेने म्हणालो होतो, "ताई, तोंडाला जरा कुलूप लावा." ते शब्द त्यांना इतके लागले की त्यांनी डॉक्टरांकडे तपासणीस जाणेच सोडून दिले. वजन वाढले ते आपलेच पाप, मग तोंड कसे दाखवायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून हा विषय नीट समजून घेऊन लिहिण्याचे आम्ही ठरविले. खानदेशातून सुरतेस आलेली आपली माणसे मागावर बारा-बारा तास उभी असतात, बायका घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात, आणि जेवणाला वेळेचा धरबंध नसतो. वाढलेले वजन, साखर आणि रक्तदाब आता आपल्या चाळींतून आणि सोसायट्यांतून घरोघरी दिसतात.

प्रथम ऑपरेशन म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा मोठा भाग वगळून अन्न सरळ लहान आतड्यात नेण्याची पद्धत सुरू केली. तिला बायपास म्हणतात. आज आपल्याकडे पुष्कळ होणारे दुसरे ऑपरेशन म्हणजे 'स्लीव्ह'. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यत्वे त्या काढलेल्या भागात तयार होते, म्हणून भूकही कमी होते. तिसरा प्रकार जठराभोवती पट्टा बसविण्याचा. तो आता मागे पडला आहे. बसविलेला पट्टा कधी सरकतो, कधी जठरात रुततो, आणि मग काढावाच लागतो.

मग वजन परत का येते? जठराची नळी काही वर्षांत सैल होऊ शकते. घटलेले वजन शरीराला दुष्काळासारखे वाटते. ते भूक वाढविते आणि खर्च कमी करते. चिंता, झोपेचा अभाव, काही औषधे आणि दिवसभर थोडेथोडे चरत राहणे यांचाही हातभार लागतो. ताईंचे दुखणे आणखी वेगळे होते. स्लीव्हनंतर काहींना जठरातील आम्ल वर येण्याचा त्रास सुरू होतो. ताईंची दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला आढळला. ह्याचा त्यांच्या तोंडाशी किंवा कुलपाशी काही संबंध नव्हता. अशा रुग्णांना बहुधा स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करण्याचा सल्ला देतात, कारण बायपासने हा त्रास सहसा कमी होतो.

दुसरे ऑपरेशन म्हणजे पहिले फसले, असेही नेहमी नसते. वसईच्या एका महिलेचे वृत्त २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत आले होते. त्यांचे वजन ३०० किलो होते. २०१५ मध्ये स्लीव्ह आणि २०१७ मध्ये बायपास, अशा दोन टप्प्यांत उपचार होऊन त्या ८६ किलोंवर आल्या. फार जड रुग्णाला एकाच वेळी मोठे ऑपरेशन झेपत नाही, म्हणून डॉक्टर मुद्दाम दोन टप्पे करतात.

तथापि दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते, हे लपविण्यात अर्थ नाही. आत पहिल्या जखमेचे व्रण असतात, अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, शिवणीतून गळती होण्याचा धोका अधिक असतो आणि वजनही बहुधा पहिल्या वेळेइतके उतरत नाही. म्हणून अशी ऑपरेशने वारंवार करणाऱ्या सर्जनकडेच जावे. "आपण अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशने किती केली?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. शेतकरी बैल घेताना दात पाहतो, मग येथे तर आपला देह आहे.

तयारीत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जुने कागद. पहिल्या ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड ही दोन्ही शोधून काढा. ताईंचे कागद घर बदलताना रद्दीत गेले होते. जुन्या रुग्णालयात तीन हेलपाटे घातल्यावर नक्कल मिळाली. त्यानंतर दुर्बिणीची तपासणी, बेरियम पाजून फोटो, आणि रक्तातील लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, प्रथिने व साखर यांची तपासणी होते. पहिल्या ऑपरेशननंतर गोळ्या चुकविलेल्या असल्या तर ही उणीव आधी भरून काढावी लागते. झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तेही सांगावे. वजनासाठी इंजेक्शन घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्याने जठर सावकाश रिकामे होते. ही नवी औषधे, म्हणजे मार्च २०२५ मध्ये आपल्या देशात आलेले मौंजारो आणि जूनमध्ये आलेले वेगोव्ही, काही रुग्णांना दुसऱ्या ऑपरेशनऐवजी उपयोगी पडू शकतात. तो पर्यायही विचारून पाहावा. पण ताईंप्रमाणे जठरच वर सरकलेले असेल तर इंजेक्शनने ते खाली येत नाही.

तंबाखूविषयी मात्र आम्ही अडूनच बसणार. विडी, गुटखा, मावा आणि सकाळची मिश्री, सर्व बंद, आणि तेही ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधीपासून. मिश्रीला बायका व्यसन मानीत नाहीत, "दात घासते" म्हणतात. तंबाखूने जखम भरत नाही आणि बायपासच्या जोडावर व्रण होतो. ऑपरेशननंतरही ती पुन्हा हातात घ्यावयाची नाही.

शेवटचे दोन आठवडे डॉक्टर कमी पिष्ट, कमी चरबी आणि भरपूर प्रथिने असा हलका आहार देतात. त्याने यकृत आकसते व सर्जनला आत काम करावयास जागा मिळते. हा उपवास नव्हे. कुणी उपवासकाळ आणि हा आहार एकत्र करून निरंकार राहू नये. आजारी माणसाला चर्चच्या उपवासाचे बंधन नाही. मधुमेहाच्या गोळ्या व इन्शुलिन यांचे प्रमाण याच काळात बदलावे लागते, ते स्वतःच्या मनाने करू नये.

खर्चाबद्दल दोन शब्द. २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य विम्यात अशा ऑपरेशनसाठी वय १८ पूर्ण आणि शरीरभार निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक असून हृदयविकार, आवाक्याबाहेरचा मधुमेह किंवा झोपेतील श्वासाचा तीव्र विकार, अशा अटी आहेत. निर्देशांक म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. ताईंची उंची १.५२ मीटर, ९४ किलोंना त्यांचा निर्देशांक ४० च्या किंचित वर येतो. आशियाई लोकांना याहून कमी निर्देशांकावरही डॉक्टर ऑपरेशन सुचवितात, पण विमा कंपनी त्याला बांधील नसते. म्हणून मंजुरी आधी लेखी घ्यावी, आणि दुसऱ्या ऑपरेशनचा उल्लेख त्यात स्पष्ट असावा.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीनेच होते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालवितात. पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हे आवश्यक असते, तेव्हा नातेवाइकांनी "अहो, झोपू द्या तिला" म्हणून परिचारिकेशी भांडू नये.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे धोक्याचे. नाडी मिनिटाला १२० च्या वर जाऊ लागली, ताप आला, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखू लागले, धाप लागली, पोटरी सुजली, किंवा पाणीसुद्धा टिकेना, तर ओवा-हिंग देत बसू नये. ऑपरेशन केलेल्या सर्जनला लगेच फोन करावा आणि प्रकृती बिघडत असेल तर १०८ बोलवावी. शिवणीतील गळती लवकर कळली तर आटोक्यात येते. सतत उलट्या होत राहिल्यास शरीरातील बी-१ जीवनसत्त्व संपते. माणूस अडखळत चालतो, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसते. ह्याला उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते, म्हणून उलट्यांना "होतच असतं" म्हणून सोडू नये.

आहार पायरीपायरीने वाढतो. आधी पातळ, मग दाट, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. आपल्या कळण्याच्या भाकरीला आणि झणझणीत शेवभाजीला बराच काळ रजा द्यावी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साडेसहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, आणि तेवढ्याच शिजविलेल्या मासळीत २० हून अधिक. घास बोराएवढा घ्यावा आणि पुष्कळ चावावा. जेवताना पाणी पिऊ नये. अर्धा तास थांबून मग घोटघोट प्यावे. बायपासनंतर गोड एकदम खाल्ले तर घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. चांदनी पडव्याला घारीचा डबा घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

गोळ्या जन्मभर. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. अंग दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नये. त्याने जोडावर व्रण होतो. दारू बायपासनंतर फार लवकर व फार जोराने चढते. तरुण स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत. गॅसचे सिलिंडर आणि पाण्याचे हंडे महिना-दीड महिना दुसऱ्यांनी उचलावेत.

ताईंचे ऑपरेशन दिवाळीनंतर झाले. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा सासूबाईंनीच त्यांच्यासाठी मुगाचे वरण गाळून ठेवले होते, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बी-१२ च्या पुढच्या इंजेक्शनच्या तारखेभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. त्या आता उशीवर डोके टेकवून, आडव्या झोपतात.