आजीआजोबांचे नाव

पाठासाठी वचने : उत्पत्ति ११:२२-२६, १ इतिहास ४:९-१०, लूक १:५९-६३, २ तीमथ्य १:५.

घरी बालक जन्मले म्हणजे त्याचे नाव काय ठेवावे हा प्रश्न लागलाच उभा राहतो. वडील मंडळीस वाटते की आपले नाव पुढे चालावे. तरुण आईबापांस वाटते की नाव नवे व गोड असावे. ह्यावरून रुसवेफुगवे होतात आणि बाप्तिस्म्याचा आनंदाचा दिवस कडू होतो. म्हणून ह्या विषयाचा आम्ही शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

नातवास आजोबांचे नाव देण्याची चाल फार प्राचीन आहे. तेरहाचा बाप नाहोर, आणि तेरहाच्या एका पुत्राचे नावही नाहोरच. पुण्याच्या पेशव्यांतही हेच दिसते. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, आणि बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी. पुढे राघोबादादांच्या पुत्राला, म्हणजे १७७५ साली जन्मलेल्या दुसऱ्या बाजीरावाला, आजोबांचेच नाव मिळाले. मात्र ही चाल म्हणजे देवाची आज्ञा नव्हे. शेजारी व नातलग बालकास जखऱ्या म्हणू लागले, तेव्हा अलीशिबेने योहान हेच नाव सांगितले आणि बापाने ते पाटीवर लिहून दिले. तेव्हा आपले नाव ठेवले नाही म्हणजे आपला मान मोडला, असे कोणाही आजोबांनी समजू नये.

परंतु दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे आपली गावे सोडून पुण्यास आली, व त्यांतील कित्येक येरवड्याच्या वस्त्यांत राहिली. गावी आजोबांचे नाव धोंडीबा, दगडू किंवा केरू असे. शहरात शिकलेल्या मुलास ते नाव उच्चारण्याचीही लाज वाटते. पण असे नाव का पडले, हे त्याने कधी विचारले आहे काय? आधीची लेकरे दगावली म्हणजे, हे तरी जगावे म्हणून, आया मुलास मुद्दाम हलके नाव देत. त्या नावात एका आईचे अश्रू आहेत. याबेसाच्या आईनेही दुःखाची आठवण म्हणून त्यास ते नाव दिले. तरी तो आपल्या भावांपेक्षा अधिक प्रतिष्ठित झाला, कारण त्याने देवाचा धावा केला. नाव माणसास थोर करीत नाही. माणूस नावास थोर करितो. २४ सप्टेंबर १९३२ रोजी ह्याच येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. त्यावर सही करणाऱ्या डॉ. भीमराव आंबेडकरांच्या एका नातवाचे नावही भीमरावच आहे. ज्या समाजास गाव 'अरे-तुरे' करी, त्यातील एका पुरुषाचे नाव आज लाखो लोक आदराने घेतात.

मग आजीआजोबांचा मान कसा राखावा? आम्ही चार मार्ग सुचवितो.

पहिला : अर्थ राखावा. प्रभूने शिमोनास केफा, म्हणजे पेत्र, हे नाव दिले (योहान १:४२). त्याचा अर्थ खडक. तेव्हा दगडूचा नातू पेत्र झाला, तर आजोबांचे नावच शास्त्राच्या वस्त्रात पुढे चालले. तसेच सोनाबाईची नात सुवर्णा.

दुसरा : दुखावणारे नाव पुन्हा देऊ नये. मुलगी नको म्हणून कित्येकींस नकुशी हे नाव पडले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींस नवी नावे देण्यात आली. आजी नकुशी असेल, तर नातीचे नाव प्रिया ठेवावे व आजीच्या मांडीवर बसवून तिला सांगावे, "हे तुमच्यासाठी ठेविले."

तिसरा : आजीचे माहेरचे नाव विचारावे. पूर्वी लग्नानंतर सासरी नवे नाव ठेवीत, आणि जुने नाव कायमचे बुजून जाई. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. आजीला तेथे जागा नाही; ती जागा आपण घरी द्यावी.

चौथा : घाई करू नये. जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावी लागते. पण मुलाचे नाव त्यानंतरही नोंदविता येते, व वर्षभर त्यास शुल्क पडत नाही. तितक्या अवधीत वडिलांशी बोलणे होते व प्रार्थनाही होते.

शेवटी हे ध्यानात धरा. तीमथ्यास आजी लोईस हिचे नाव मिळाले नव्हते, तिचा विश्वास मिळाला. आणि पौलाने त्याचीच आठवण केली. नातवास नाव दिले, पण आजोबांनी ख्रिस्ताकरिता काय सोसले ते कधी सांगितले नाही, तर ते नाव रिकामे भांडे होय. आजोबा जिवंत आहेत तोवर ही साक्ष त्यांच्याच तोंडून ऐकावी. उद्या ती ऐकविणारे कोणी उरणार नाही.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न :
१. याबेसाच्या नावाचे कारण काय, व तो प्रतिष्ठित कशामुळे झाला?
२. तुमच्या आजीचे माहेरचे नाव काय होते?
३. तुमच्या घराण्यात प्रभूवर प्रथम कोणी विश्वास ठेविला, आणि तुमची मुले त्या व्यक्तीचे नाव जाणतात काय?