लिनक्सचे अपडेट झाले; यंत्र बंद-चालू करावे काय?

ज्या व्यापारी बांधवांनी हिशोबाच्या संगणकावर लिनक्स बसविले आहे, त्यांच्यात एक समज पक्का आहे: येथे अपडेटनंतर यंत्र बंद-चालू करावे लागत नाही. हा समज अर्धाच खरा आहे.

लिनक्समध्ये चालू प्रोग्रामची फाइलही बदलता येते. नवी फाइल त्याच नावाने डिस्कवर येते, पण चालू प्रोग्राम जुनीच धरून बसतो. दुकानातले भावपत्रक बदलले, पण गुमास्त्याला जुने भाव तोंडपाठ. कोणी टोकेपर्यंत तो जुन्याच भावाने तागे देणार. तसाच हा प्रकार.

याचे नुकसान काय, ते एप्रिल २०१४ मध्ये दिसले. ओपनएसएसएल या, गुप्त व्यवहार सांभाळणाऱ्या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला. त्यातून परक्या माणसाला सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका खेपेला वाचता येई. त्यात पासवर्डही सापडत. दुरुस्त आवृत्ती लगेच मिळाली. पण ज्यांनी ती बसवून वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, त्यांचे दार उघडेच राहिले. गिऱ्हाइकाचा हिशोब आपल्याकडे अमानत असतो. डिस्कवर अपडेट उतरले एवढ्याने ती सुरक्षित होत नाही.

अशा वेळी फक्त ती सेवा पुन्हा सुरू केली तरी भागते. डेबियन व उबुंटूत जुनी फाइल कोणी धरली आहे हे 'नीडरीस्टार्ट' सांगते. मात्र जीलिबसीसारखी लायब्ररी बदलली, तर ती जवळपास सर्वच प्रोग्राम वापरतात. मग एकेकाला उठवण्यापेक्षा यंत्रच बंद-चालू केलेले बरे.

कर्नलची गोष्ट वेगळी. नवे कर्नल जुन्याशेजारी येऊन पडते. यंत्र सुरू होतानाच ते कामाला लागते. यावर तोड म्हणून चालू कर्नलला ठिगळ लावण्याची सोय निघाली, व २०१५ साली ४.० आवृत्तीत तिचा पाया मूळ कर्नलमध्ये आला. ती बहुधा सुरक्षेच्या लहान दुरुस्त्यांपुरती आहे. ठिगळ लावून नवे कापड होत नाही, हे आपणांस सांगायला नको.

फेडोराने तर उलट वाट धरली: डेस्कटॉपवरील अपडेट यंत्र पुन्हा सुरू होत असतानाच बसवायचे. कारण चालू डेस्कटॉपमध्ये अपडेट करताना तोच कोसळला तर काम अर्धवट राहते. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेडोरा २४ वापरणाऱ्या काहींवर हीच पाळी आली.

माझे मत असे की, भर गिऱ्हाइकीत यंत्राने स्वतःहून बंद होऊ नये. वेळ मालकाने ठरवावी. पण ठरवावी जरूर! वर्षभर यंत्र बंद केले नाही अशी फुशारकी काही जण मारतात. ते यंत्र पुन्हा सुरू होईल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसते. जुम्म्याच्या सुट्टीत मागाची साफसफाई करतो, त्याच वेळी हेही उरकावे. आधी हिशोबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नवे कर्नल चालले नाही, तर सुरुवातीच्या यादीतून जुने निवडता येते. उबुंटू व फेडोरा ते ठेवून देतात.