लॅन्थॅनाइड मूलद्रव्यांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी

आवर्तसारणीच्या तळाशीं लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत पंधरा मूलद्रव्यांची एक निराळी ओळ तुम्हीं पाहिली असेल. पुष्कळांस ती अडगळ वाटते.

इतरत्र एक घर सरकलें कीं मूलद्रव्याचा स्वभाव पालटतो. सोडियमचा शेजारी मॅग्नेशियम त्याच्यासारखा वागत नाहीं. येथें मात्र सारीं भावंडें एका मुशींतून ओतल्यासारखीं! 'डिडिमियम' हें एकच मूलद्रव्य, अशी रसायनशास्त्रज्ञांची चाळीस वर्षांहून अधिक काळ समजूत होती. १८८५ सालीं आउअर फॉन वेल्सबाख यांनीं त्यांतून प्रेसिओडिमियम व निओडिमियम अशीं दोन वेगळीं केलीं.

या साम्याचें कारण असें. या ओळींत वाढणारा इलेक्ट्रॉन बहुधा बाहेर न राहतां आंतील ४एफ उपकक्षेंत शिरतो. ५एस, ५पी व ६एस त्याच्या बाहेर तशाच राहतात. माजघरांत एक माणूस वाढलें, तरी ओसरीवरच्या पाहुण्यास तें कळत नाहीं.

आतां चुकण्याची जागा. युरोपियममध्यें ४एफच्या सातहि घरांत एकेक इलेक्ट्रॉन असतो. पुढच्या गॅडोलिनियममध्यें हुशार मुलेंहि ४एफमध्यें आठ लिहितात. परंतु आठव्यास कोणाच्या तरी घरांत जोडीनें राहावें लागेल. ती दाटी टाळून तो ५डीमध्यें जातो. मग टर्बियममध्यें पाहावें, तों ४एफमध्यें नऊ आणि ५डी रिकामी! दोहोंच्या ऊर्जा इतक्या जवळ आहेत कीं पारडें कोठें झुकेल हें साध्या नियमानें सांगतां येत नाहीं. लॅन्थॅनम, सेरियम, गॅडोलिनियम व ल्युटेशियम या चौघांच्या ५डीमध्यें एकेक इलेक्ट्रॉन असतो, हें पाठच करावें. मीहि तसेंच केलें.

मौज ही कीं, तीन इलेक्ट्रॉन निघून गेले म्हणजे हा सर्व गोंधळ मिटतो. त्या आयनांत ४एफमधील संख्या लॅन्थॅनम ०, सेरियम १, गॅडोलिनियम ७, ल्युटेशियम १४, अशी एकहि पायरी न चुकतां चढते. क्षारांत हीं मूलद्रव्यें बहुधा याच रूपांत असतात. सेरियम चौथाहि इलेक्ट्रॉन देऊन ४एफ रिकामी करूं शकतें आणि युरोपियम दोनच देऊन आपले सात राखूं शकतें. म्हणून हीं दोन गर्दींतून वेगळीं काढणें त्यांतल्या त्यांत सोपें.

बाकीच्यांची कथा कष्टाची. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर येथें चार्ल्स जेम्स यांस शुद्ध थुलियम मिळविण्यासाठीं त्याच्या ब्रोमेटाचें स्फटिकीकरण सुमारें १५,००० वेळां करावें लागलें. तें काम १९११ सालीं प्रसिद्ध झालें. थुलियमच्या आयनांत ४एफचे १२ इलेक्ट्रॉन, शेजारच्या अर्बियमच्या आयनांत ११.